उताराच्या पायथ्याशी मंदार

माझ्या भावजयीचा, सायलीचा फोन आला तेव्हा मी न्यूझीलंडमधल्या हिल्सबरोच्या आमच्या घरी डब्याच्या पोळ्या लाटत होते. स्पीकर लावून म्हटलं, "बोल गं." ती एवढंच बोलली, "ताई, मंदार उठत नाहीये." मागे अँब्युलन्सच्या माणसांचे आवाज येत होते... त्यांच्या घरी हॅमिल्टनला निघाले, निम्म्या वाटेवर गेल्यावर मला आठवेना की शेगडी बंद केली का नाही. माझा धाकटा भाऊ, नुकती चाळिशी ओलांडलेला, झोपेतच गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. या माणसाने जन्मभर नाही नाही त्या गोष्टींची धास्ती घेतली, पण हृदयाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. असं कुठे असतं का हो?

आमचा मंदार, म्हणजे मन्या, जन्माचा भित्रा. हे मी लिहितेय ते प्रेमानेच, आणि तो असता तर त्यानेही मान डोलावली असती. पुण्यात असताना एक अख्खी सुट्टी त्याने पोहण्याच्या तलावाची कड धरून काढली. झोका जरा वर गेला की हा डोळे मिटायचा. शिकायला न्यूझीलंडला निघाला तेव्हा विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत पट्टा सोडला नाही म्हणे, बाथरूमलासुद्धा गेला नाही! पुढे हॅमिल्टनला एका दूध पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला. काही बिघडलं तर यंत्रं आपोआप थांबतील, याची व्यवस्था बघणं हे त्याचं काम. मी चिडवायचे, "बरोबर माणूस घेतलाय रे त्यांनी, तुझ्याइतकं वाईटसाईट कुणाला सुचणार?" तो हसायचा. स्वतःवर हसायला तो कधीच घाबरला नाही.

मग त्याची लेक इरा झाली. ती चार वर्षांची असेल. बागेत घसरगुंडीच्या शिडीवर चढली, वरून खाली बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नो बाबा, टू डेंजरस." सूरही बापाचाच. सायलीला हसू आवरेना, पण याने मला फोन केला तो रडवेल्या आवाजात. "तायडे, हिला माझं वळण लागलं गं. नाक घेऊ दे माझं, कुरळे केस घेऊ देत... हे नको." मी म्हटलं, पोरं घाबरतातच, होईल ठीक. पण त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. आपल्या पोरीने भित्रं होऊ नये, आणि त्यासाठी बाप किती घाबरतो हे तिला कळू नये, एवढा एकच ध्यास.

गेल्या हिवाळ्यात त्याने जाहीर केलं, "इराला बर्फात नेतोय. स्कीइंगला." मला वाटलं, थट्टा करतोय. सायलीला त्या शनिवारी ड्यूटी होती, म्हणून मला बोलावलं. "तू नुसती बोलत राहा. म्हणजे माझ्याकडे तिचं लक्ष जाणार नाही." आता बोलत राहणं हे काही मला शिकवायला नको.

रुआपेहू डोंगराच्या चढाला त्याने गाडी अशी हाकली की मागे गाड्यांची रांग लागली. वर पोचल्यावर मात्र खरी गंमत. शिकवणारी पोरगी आली, "किया ओरा, इरा!" असा तिथला नमस्कार केला आणि तिला गुडघे वाकवायला सांगितले. इराला ते वाकवताच येईनात! कसे येणार? आत दोन थर्मल, त्यावर आजीने विणलेले दोन स्वेटर, त्यावर भाड्याचा स्की-सूट. हेल्मेट डोक्यात शिरेना, कारण खाली कानटोपी. आणि गळ्यात ओव्याची पुरचुंडी, सर्दी होऊ नये म्हणून. त्या पोरीने कांदा सोलावा तसं एकेक काढलं. पुरचुंडी हुंगून बघितली, "स्मेल्स लाइक पिझ्झा!" म्हणाली आणि इरा खुदकन हसली. मन्या ते कपडे छातीशी धरून उभा, जणू पोरीचं चिलखतच उतरवलं कुणी.

उतार म्हणजे काय, बेताचाच. स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब केल्या की वेग कमी होतो, हे पोरांना तिथे पहिलं शिकवतात. इराला ते समजलंही होतं. पण मन्या उताराच्या पायथ्याशी दोन्ही हात पसरून उभा, आणि ती सरळ सुटली ती त्याच्या पोटात! दोघं आडवे. पुन्हा वर गेली, पुन्हा तेच. मग त्या पोरीने त्याला बाजूला घेऊन समजावलं, की तू तिथे आहेस तोवर ती ब्रेक कशाला लावेल? मन्या दोरीपलीकडे माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि माझा हात असा आवळला की बोटं दुखायला लागली. "तायडे, बोल काहीतरी." मी बोलायला लागले... इंडियन स्टोअरमधली भेंडी कशी जून निघाली, कढीपत्ता किती महाग झालाय. वर इरा सुटली. हलली, डगमगली, एक हात वर गेला. माझ्या तोंडातला कढीपत्ता तोंडातच राहिला. मग टाचा लांब झाल्या, आणि ती आमच्या बरीच आधी थांबली. आपली आपण!

मन्याने टाळ्या वाजवल्या, "शाब्बास!" म्हणून ओरडला, आणि मग शेडमागे जाऊन ओकला. परत आल्यावर पांढराफटक चेहरा पुसत पहिला प्रश्न, "तिला कळलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे." नंतरही मधूनच फोनवर विचारायचा, "तायडे, खरंच कळलं नसेल ना?" मी दर वेळी तेच सांगायचे.

तो गेला आणि इरा बदलली. झोपताना आईच्या छातीवर हात ठेवते. सायली आंघोळीला गेली तरी दाराबाहेर बसून राहते. शाळेच्या स्विमिंगला जायचं नाव काढत नाही. एकदा सायली मला म्हणाली, "ताई, त्याला जे नको होतं तेच झालं बघा." म्हणून गेल्या रविवारी आम्ही दोघी तिला पुन्हा त्याच उतारावर घेऊन गेलो. खरं सांगते, माझा विरोध होता. वाटेत तीनदा तरी म्हटलं, परत फिरू या.

ती वर उभी राहिली ती हलेचना. मागची पोरं बाजूने निघून गेली. मी वर जाऊन आणायला निघाले तर सायलीने बाही धरली. मग वरूनच हाक आली, "आत्या, मूव्ह ना!" बघते तर मीच मधोमध उभी, दोन्ही हात पसरून. मुकाट बाजूला झाले. आणि ती आली, वाकडीतिकडी, ओठ चावत... आणि थांबली.

परतताना सायली गाडी चालवत होती. मन्या स्टिअरिंगला अगदी चिकटून बसायचा. सीट अजून त्याने लावलेल्या जागीच आहे, उंच सायलीचे गुडघे वर टेकत होते. मी म्हटलं, "अगं, मागे घे की जरा." म्हणाली, "राहू दे." तेवढ्यात मागून इरा म्हणाली, "बाबा वॉज रिअली स्केअर्ड, ना? इन द स्नो."

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "नाही गं, छे."

"आत्या, ही वॉज. मी बघितलं, बाबाने थ्रो-अप केलं. पण ही वॉज ट्रायिंग सो हार्ड... मग मी प्रिटेंड केलं, मला नाही कळलं."