हवालदारांच्या गिटारचा दांडा

हवालदार बुधवारी गेले. गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन झाले नाही.

"हलवू का जरा?" असे विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता हलवायचे, ही त्यांची रीत. सांगलीत आमच्या पेठेतल्या ज्यांनी त्यांना भजनात पाहिले, त्यांना हा प्रश्न आठवत असेल. आधी मिशी हलायची, मग हात.

काय हलवायचे, ते बाकीच्यांसाठी सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवालदार आसामात पलटणीचे वायरलेस दुरुस्त करत. तिथल्या एका अमेरिकन शिपायाने मायदेशी जाताना आपली विजेची गिटार त्यांना देऊन टाकली. तिच्या तारा खाली जिथे अडकवतात, ती पट्टी स्प्रिंगवर बसवलेली होती आणि तिला एक दांडा होता. दांडा हलवला की तारा क्षणभर सैल व्हायच्या, पुन्हा ताणल्या जायच्या आणि सूर थरथरायचा. हवालदार त्या थरथरीवर खूश होते. "मास्तर, वाऱ्यावर ऊस हलतोय असं वाटतं का न्हाई?" मला ते विचारायचे. मला तसे वाटत नसे, पण मी हो म्हणायचो.

गिटारची वायर ते रेडिओच्या पाठीमागे खुपसत आणि आवाज रेडिओतून येई. देवळात विजेची जागा एकच, बल्बची. तेव्हा बल्ब उतरवून तिथे रेडिओ जोडायचा आणि भजन समईच्या उजेडात करायचे. देवाला अंधारात बसवणारे आमचेच मंडळ असावे.

अडचण अंधाराची नव्हती. दांडा हलवला की तारा पहिल्या जागी नीट परतत नसत. दुसऱ्या अभंगापर्यंत भजन चालवणाऱ्या बुवांची पेटी एका सुरात आणि गिटार दुसऱ्या. बुवा गुळाच्या बाजारात तोलणीचे काम करत. काटा जरा ढळला तरी त्यांना सोसत नसे.

"आवं हवालदार, द्येव एका जागी निवांत हुबा हाय. त्याला कशाला हलवताय?"

"बुवा, जरासंच हलवतो."

"जरासंच करता करता निम्मं भजन कराडला पोचलं. पुढल्या बेस्तरवारी सूर ढळला तर ती गिटार घरी ठिवायची आन टाळ घ्यायचा."

हवालदार हसले. पण देवळाच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "टाळ माज्या हातात आला की ताल पळून जातो. मग मला बसवून घेत्यात व्हय?" त्यांची बायको ते लढाईवर असतानाच वारली होती. शिराळ्याची जमीन भाऊ कसत होता. रेडिओच्या दुकानात दिवसभर बंद पडलेले रेडिओ आणि घरी कुलूप. "ह्ये भजन सुटलं तर मला हाक मारणारं कोण ऱ्हातंय?" एवढे बोलून त्यांनी वायर गुंडाळायला घेतली. दांडा काढून टाका, असे मी सुचवले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी विषय बदलला.

त्याच आठवड्यात एक तार तुटली. आम्ही मिरजेला सतारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणत. तार घालून ठेवा, उद्या नेतो, असे सांगून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी गिटार दोन्ही हातांनी पुढे केली. "इतकं चांगलं वाद्य, आणि कुणा अडाण्यानं पट्टीखाली स्प्रिंग घातली होती वो! लटलट हलत होती. सागवानी पाचर मारून, लाख भरून पक्की बसवली. आता जन्मात हलायची नाही."

हवालदारांनी दांड्याला हात लावला. हलेना. पुन्हा लावला. पलटणीतला माणूस, काय बोलेल नेम नाही.

"लय झ्याक बसवलंय, चाचा," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "खरं सांगायचं होतं. त्यांनीच पाचर काढून दिली असती."

"मास्तर, त्यांचं तोंड न्हाई का बगितलं? कुनी न सांगता मनानं केलेलं काम हाय त्ये. आन वर मी म्हनू, बिगडवलंत?" मग खिडकीबाहेर पाहत ते एकदम मोठ्याने हसले. "त्या गोऱ्याला अडानी म्हनाले की वो!"

त्या गुरुवारी सूर शेवटपर्यंत ढळला नाही. बुवांनी पेटी मिटली आणि म्हणाले, "आज तुमी काय वाजवता त्ये पयल्यांदा कळलं." टाळाचे नाव कुणी काढले नाही.

सवयीने हवालदारांचा हात दांड्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. पुढे ते चाचांकडे जाऊन बसू लागले आणि सतारीसारखी तार बोटाने आडवी ओढायला शिकले. बोटे सोलून निघाली, पण सूर हलू लागला आणि जागेवर परतूही लागला. पाचर उपटायला रेडिओ दुरुस्तीची हत्यारे हवालदारांकडे होती. मी एकदा आठवण करून दिली. "आन चाचा कवा भजनाला आले तर?" ते म्हणाले. चाचा कधीच आले नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना दुकानाची पायरीसुद्धा उतरवत नसे. हे हवालदारांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

हवालदार गेल्यावर त्यांचा भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला. गिटार माझ्याकडे ठेवून गेला. मला वाजवता येत नाही. रविवारी ती पुसून ठेवतो.