दोन मोटारी आणि मामाजींची कंबर

आमच्या ह्यांचं शहापूरला हायवेवर वेल्डिंगचं दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यात जशा जुन्या बेअरिंगा साचतात, तसे आमच्या घरात किस्से साचतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण फेकवतही नाहीत! मी उन्हाळ्यात लग्न होऊन आले आणि आखाड संपेस्तोवर माझ्याजवळ टोपलीभर जमले. नव्या सुनेनं बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. त्यामुळे एकही सांडला नाही.

सगळ्याचं मूळ मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची कंबर. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता पोतं उचललं तर सरळ ऑपरेशन. "उचलत नाही जी," मामाजी कबूल झाले, "फक्त हात लावीन!"

पण पाणकळ्यात आमच्या खालच्या खोलीला ओल सुटते, धानाची पोती माळ्यावर चढवावी लागतात. माणसं लावली तर पहिल्या पोत्याखाली मामाजींचाच खांदा! म्हणून ह्यांनी पोती दोरानं वर ओढायला घरीच विंच करायला घेतलं. ड्रम झाला, वायररोप आला, गिअरबॉक्स बसला. अडलं ते मोटारीवर.

हे म्हणाले, "इलेक्ट्रिक. बटन दाबलं का झालं."

मामाजी म्हणाले, "अन् लाईन काय तुझा सासरा आणून देते बे? पेट्रोल इंजन लाव!"

मी तिथेच चहा गाळत होते.

*

पहिला मान इलेक्ट्रिकला मिळाला. पोतं अर्ध्यात गेलं आणि लाईन गेली. गिअर असा, की पोतं खालीही येईना, वरही जाईना. नेमके त्याच दुपारी माझे बाबा मोहाडीहून मला आखाडीला माहेरी न्यायला आले. बैठकीतली खाट बरोबर पोत्याखाली. बाबांनी वर पाहिलं, खाट भिंतीकडे सरकवली आणि मगच बसले.

"जावईबापू, हे काय?"

"विंच आहे, बाबा."

"चालू आहे काय?"

"चालू आहे ना! फक्त लाईन नाही."

मामाजींना राहवलं नाही. "या इवाई, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. आणली काय लाईन?"

*

मी माहेराहून परत आले, तेव्हा इलेक्ट्रिक मोटार अंगणात उघडी पडली होती आणि तिच्या जागी नाल्यावर पाणी उपसायचं जुनं पेट्रोल इंजिन बसलं होतं. सुरू झालं, तसा घरात इतका धूर झाला की शेजारचे बादल्या घेऊन धावले! आग नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसलेच.

बाजूच्या कोठीतल्या तांदळाला वास लागला. रात्री सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि ताट पुढे सरकवलं. "जेवून राहिलो का टाकी भरून राहिलो?"

*

इंजिन विंचसकट अंगणात गेलं, वायररोप खिडकीतून आत आला. धुराचा प्रश्न मिटला. मामाजी ऐटीत पुढे झाले आणि त्यांनी स्टार्टची दोरी मुठीला गुंडाळली. ते इंजिन दोरीला झटका दिल्याशिवाय सुरू होत नाही.

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "पोतं उचलायले बंदी, अन् दोरी हापसायले डाक्टरनं लिहून देलं काय?"

"एक झटका तर आहे!"

"कंबरीले एकच लागते!"

मामाजींनी दोरी सोडली.

*

मग दोन्ही बाजू निकालासाठी माझ्याकडे यायला लागल्या. हे हळूच सांगायचे, "इलेक्ट्रिक म्हण." मामाजी सगळ्यांसमोर विचारायचे, "बाई, तू सांग. खरं सांग, भिऊ नको."

मी दोघांकडे पाहिलं.

"साखर किती टाकू?"

*

शेवटी हे इंजिनाला दोरीऐवजी बटनाचा सेल्फ बसवता येतो का ते विचारायला भंडाऱ्याला गेले. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. लाईन नव्हती. आभाळ भरलेलं, आणि खालच्या पोत्यांच्या बुडाला ओलीची काळी कड चढलेली. मी सैपाकघरातून पाहिलं. मामाजींनी दुपट्टा कमरेला करकचून बांधला होता आणि ते पहिल्या पोत्यापुढे वाकत होते.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खाली बसते. उंचावर नाही. आणि सासरा सुनेला हात लावत नाही.

मी पदर सावरला आणि जाऊन पोत्यावर बसले.

मामाजी वाकलेले तसेच सरळ झाले. "उठ बाई."

"नाही."

"ओल चढून राहिली."

"धान उन्हात वाळते जी."

त्यांनी दुसऱ्या पोत्याकडे पाहिलं. मी त्यावर हात ठेवला. ते दाराकडे पाहत राहिले, मी जमिनीकडे. शेवटी त्यांनी दुपट्ट्याची गाठ सोडली.

"बरं, चहा तरी ठेव."

"ठेवते. पहिले तुम्ही सैपाकघरात चला."

थोड्या वेळानं हे आणि सासूबाई सोबतच घरात आले. सासूबाईंनी आधी पोती पाहिली. सगळी जागच्या जागी. मग मामाजींची कंबर पाहिली, मग मला.

मामाजी गॅसजवळ पाटावर बसले होते. हातात कप. या घरात ते सैपाकघरात बसलेले मी तोवर पाहिले नव्हते, ह्यांनीही नसावेत.

"बाबा, इथं काहून बसले? अन् मोटारीचं काय करू, सांगा!" हे म्हणाले.

"तिले विचार," मामाजी म्हणाले. "मले इथून हालायची परवानगी नाही."