वेगळे काढलेले दगड

सचिन नावाच्या औद्योगिक गावात, एका कोळशाच्या डेपोत मी कोळसा धुण्याचं मशीन चालवायचो. पाण्याच्या उसळीने कोळसा वर यायचा, दगड खाली बसायचे. आमचे दाजी, मोठ्या बहिणीचे यजमान, कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या बॉयलरवर होते. तिथे कोळसा आमच्याच डेपोतून जायचा. ते म्हणायचे, "दगड निघतात रे, वाफ धरत नाही." मी भडकायचो, "माझ्या मशीनमधून खडासुद्धा जात नाही!" शेवटी वाफ कमी पडते म्हणून मिलने दाजींनाच काढलं.

खंडेनवमीला मशीन बंद असतं. आदल्या दिवशी शेठने पेढे देऊन "घरीच आराम कर" म्हटलं होतं. तरी मी हार घेऊन गेलो. पाहतो तर शेठ स्वतः उभा राहून मी वेगळे काढलेले दगड धुतलेल्या कोळशात मिसळवून घेत होता.

हार त्याच्या पायांवर फेकला. दाजींच्या दारात जायला मात्र अजून पाय उचलत नाही.