एकसष्ट किलो पेढे

पेढ्यांनी माणूस मारता येतो, हे तुम्हाला माहीत आहे का?

हसू नका. टीव्ही सेंटरच्या मागच्या अंगाला, हडकोतल्या एका गल्लीत हा प्रकार भरदिवसा झाला. मंडप टाकून झाला, माईक लावून झाला, आणि टाळ्या वाजवायला चांगले शिकलेसवरलेले लोक पहिल्या रांगेत खुर्च्या अडवून बसले होते.

जिच्या बाबतीत हा प्रकार झाला तिचं नाव मनकर्णाबाई. माहेर देवगाव रंगारीचं, शेतकऱ्याघरचं. नवरा बन्सी वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. मनकर्णाबाई गल्लीतल्या अंगणवाडीत मदतनीस. लेकरं घरोघर जाऊन गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, आणि दिवसातून पन्नास वेळा जमिनीवर बसायचं, पन्नास वेळा उठायचं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचं वजन ब्याऐंशी किलो होतं आणि तपासणीत साखर निघाली. साखर म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिची आई सरूबाई. तिचा उजवा पाय साखरेनं घोट्याच्या वरून कापावा लागला होता, आणि पाय गेल्यावर वर्षाच्या आत बाई गेली होती. मनकर्णाबाई घाबरली. पण रडत बसली नाही. रोज सकाळी हर्सूलच्या रस्त्यानं तासभर चालली. अर्धी भाकर, पालेभाजी, बिनसाखरेचा चहा. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. वर्षभरानं काटा एकसष्टवर आला.

आणि घात झाला. लोकांना कळलं.

वॉर्डात नानासाहेब म्हणून एक पुढारी आहेत. निवडणूक जवळ असो की लांब, ह्यांना महिन्याला एक सत्कार केल्याशिवाय अन्न पचत नाही. दहावीच्या पोरांचे झाले, सफाईवाल्यांचे झाले, आता नवीन काय? तर मनकर्णाबाईची पेढेतुला! बाईच्या वजनाइतके पेढे तोलायचे आणि वॉर्डात वाटायचे.

"नाना, मला पेढा चालत नाय," ती म्हणाली. "मला साखर हाय."

"ताई, एकानं काय होतंय? इज्जतीचा सवाल हाय वॉर्डाच्या."

मोंढ्यातून धान्याचा मोठा तराजू आणला. एका फळीवर मनकर्णाबाईला नऊवारी नेसवून मांडी घालून बसवलं, दुसऱ्या फळीवर खोक्यांवर खोकी. बाई बारीक झाली म्हणून तिचा सत्कार खव्यानं करायचा, ही अक्कल जगात फक्त आपल्याकडं मिळते. नानासाहेबांनी पहिला पेढा तिच्या तोंडात घातला. फोटो हलला म्हणून दुसरा घातला. तिसरा त्यांच्या बायकोनं घातला, कारण तिला वेगळा फोटो पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. डाव्या हाताला ब्याऐंशी किलोची मनकर्णाबाई, उजव्या हाताला एकसष्ट किलोची, मधी नानासाहेब हात जोडून.

मग सुरू झाल्या मेजवान्या. ज्या घरात आजवर तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं तिथून जेवायची बोलावणी आली. कुठं वरण-बट्टी, कुठं पुरण, कुठं गुलमंडीवरून मुद्दाम आणलेली इमरती. नाही म्हणावं तर घरवालीचं तोंड फुगलेलं. "फ्लेक्स लागला म्हणून आमच्या घरचं गोड लागंना व्हय?" आणि वाढता वाढता ह्याच बाया तिला खालून वर न्याहाळायच्या.

"गाल बसले गं तुझे."

"मान बघा, कोंबडीसारखी."

"खरं सांग, काही मोठा आजार तर नाय ना? डॉक्टर काही लपवीत नाय ना?"

बन्सीलाही कारखान्यात ऐकावं लागलं. "बायकोला खायला घालतोस का नाय रे?" बन्सी भला माणूस, पण लोकांच्या तोंडाला भिणारा. तो येताना भजी आणायला लागला. चालायला निघावं तर रस्त्यात चार जण अडवायचे, किती राहिलं, काय खाता, आमच्या हिला पण सांगा. ती चालायची थांबली. वजन मुंगीच्या पावलानं परत आलं आणि तीन वर्षांत पंच्याऐंशीवर जाऊन बसलं. गेलं होतं त्याच्याहून तीन किलो जास्त.

आता तीच तोंडं काय बोलायला लागली, ते लिहितानासुद्धा किळस येते. "फ्लेक्सवरची ती हीच का?" "नानांचे पेढे वाया गेले." अंगणवाडीत पोरं सोडायला येणाऱ्या शहाण्या आया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. तो फ्लेक्स उतरल्यावर तिच्या भावानं, कारभारीनं, देवगावला नेला होता. कडब्याच्या गंजीवर टाकायला बरा पडतो म्हणून.

तिनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. एका गाळ्यात वजन उतरवायचा क्लब निघाला होता, सकाळी पावडरीचं पाणी प्यायचं आणि एकेकानं उभं राहून आपला आकडा सांगायचा. उतरला तर टाळ्या. मनकर्णाबाई पंधराव्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, "अर्धा किलो वाढलं." एक टाळी वाजली नाही. टाय घातलेला पोरगा म्हणाला, "ताई, मनातून इच्छाच नाही ना तुमची!"

"इच्छा लई हाय रे बाबा," ती म्हणाली, "तुझ्या पावडरीत काय हाय ते सांग आधी."

ती तिथून उठली ती परत गेली नाही. पण घरी येऊन दार लावून रडली, कारण त्या पोराचं बोलणं तिलाच खरं वाटायला लागलं होतं. पहिल्यांदा वजन उतरवताना नुसती भीती होती. आता भीतीच्या वर लाज येऊन बसली होती. परत चालायला निघायचं म्हणजे आपण हरलो हे अख्ख्या गल्लीला चालून दाखवायचं.

अशात उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. बोराएवढी जखम. महिना झाला, भरेना. डॉक्टरीणबाईंनी साखरेचा आकडा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "गोळ्या वाढवते. पण वजन उतरवा मनकर्णाबाई, निदान दहा किलो. आणि ही जखम रोज कुणाला तरी दाखवा. असंच चाललं तर बोट वाचवणं अवघड होईल."

उजवा पाय. आईचाही उजवाच. मनकर्णाबाई घरी आली आणि तिनं काय केलं? जखमेवर चिंधी गुंडाळली आणि वर मोजा चढवला. बन्सीलाही दाखवलं नाही. जो पाय उघडा ठेवून जगापुढं धरायला पाहिजे होता तो तिनं लाजेपायी झाकून ठेवला.

तो मोजा उतरवला सरोजिनीबाईंनी. ह्या समोरच्या घरात राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. वय त्रेसष्ट, अंगानं चांगल्या भरलेल्या, जीभ सुईसारखी. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. लेकरांची वजनं घ्यायला त्या हौसेनं अंगणवाडीत यायच्या. एक दिवस लेकरू काट्यावर ठेवता ठेवता त्यांनी नाक वर केलं.

"वास कसला येतोय?"

"खिचडी लागली असंल, सिस्टर."

"खिचडीला पू होत नाही. मोजा काढ."

"नाय. राहू द्या."

"चाळीस वर्षं हेच केलंय मी. काढतेस का कात्री आणू?"

मोजा निघाला. चिंधी जखमेला चिकटली होती. सरोजिनीबाईंनी तोंड वाकडं केलं नाही, अरेरे म्हटलं नाही. कोमट मिठाच्या पाण्यानं चिंधी भिजवून सोडवली, जखम धुतली, आणि मान खाली घालूनच बोलायला लागल्या.

"मीसुद्धा उतरवलंय वजन. चार वेळा."

मनकर्णाबाईनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग?"

"मग काय, चार वेळा चढलं. दिसत नाहीये का?"

"लोकं हसली असतील."

"पहिल्या दोनदा हसले. नंतर कंटाळले." त्यांनी पट्टी आवळली. "तू लोक कंटाळायची वाट बघत बसलीस तर पाय राहायचा नाही. माझ्या ओळखीच्या दवाखान्यात उद्या जायचं, मी येते. जखम भरेपर्यंत चालायचं नाही, खुर्चीत बसून हातपाय हलवायचे, ते मी दाखवीन. ताट मात्र आजपासूनच आवरायचं. आणि एक अट. तुझं वजन मला सांगायचं नाही, माझं मला विचारायचं नाही."

"काट्यावर उभंच राहायचं नाय?"

"राहायचं. डॉक्टरला सांगायचं. गल्लीला कशाला?"

मनकर्णाबाई पाच वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. लेकरं दचकली.

जखम रोज धुतली जाऊ लागली. साखर थोडी उतरली, जखमेच्या काळ्या पडलेल्या कडांना ताजा रंग आला. अजून महिनाभर असंच चाललं तर बोट वाचेल, डॉक्टर म्हणाले. आणि नेमकी त्याच महिन्यात कारभारीच्या नव्या घराची वास्तुशांत आली.

"सिस्टर, तुम्ही बी चला," मनकर्णाबाई म्हणाली. "मला एकटीला जमायचं नाय. तिथं सगळे माझेच हायत."

ह्या वाक्याचा अर्थ सरोजिनीबाईंना बरोबर कळला. त्या गेल्या, आणि बायांच्या पंगतीत तिच्या डाव्या हाताला बसल्या.

पुरणाची पोळी, येसराची आमटी, कुरडया. कारभारी धाकटा भाऊ, बहिणीवर जीव टाकणारा. तुपाचं भांडं आणि पोळ्यांची परात घेऊन तो स्वतः पंगतीत फिरत होता. मनकर्णाबाईनं आमटी-भात खाल्ला, अर्धी पोळी खाल्ली.

"घे आक्का."

"पुरं, कारभारी."

"पुरं काय? भावाच्या वास्तूला अर्ध्या पोळीवर उठणार तू? मला काय तोंड दाखवायला ठेवती का नाय गावात?"

"डॉक्टरनं सांगितलंय रे."

"डॉक्टर काय वास्तूला आलाय का? एकानं काय होतंय?"

समोरून चुलती साळूबाई म्हणाली, "वाढ रे वाढ. एवढ्या देहाला अर्धी पोळी कुठं लागती?" आणि पंगत खदखदून हसली. एकाच दमात खायलाही घालायचं आणि खाल्लेलं मोजायचंही. हे आपले लोक. हे प्रेम.

कारभारीनं पोळी उचलली. तेवढ्यात सरोजिनीबाईंनी आपला पंजा मनकर्णाबाईच्या ताटावर आडवा धरला.

"सिस्टर, हात काढा."

"नको म्हणतेय ती."

"आमच्याकडं हात आडवा आला तर हातावर वाढत्यात," कारभारी हसत म्हणाला. त्याला ती गंमतच वाटत होती. त्यानं पोळी त्या पंजावर टाकली आणि वरून तुपाची धार धरली. गरम तूप बोटांच्या फटींतून ओघळलं, मनगटावरून बांगडीखाली गेलं. सरोजिनीबाईंचे डोळे मिटले, पण हात हलला नाही. बाया परत हसल्या.

मनकर्णाबाईनं तो हात बघितला, ते हसणं ऐकलं.

"कारभारी," ती म्हणाली, "मायचा पाय दवाखान्यातून कुणी आणला होता?"

"जेवताना काय काढती आक्का..."

"जेवतानाच काढते. जेवूनच गेला तो पाय. काळ्या पिशवीत बांधून दिलता. जीपमध्ये मांडीवर घेऊन तू बसलास, अन् बांधाच्या कडेला खड्डा बी तूच काढला." तिनं लुगडं वर सारून पट्टी बांधलेला उजवा पाय ताटापुढं काढला. "हे बघ. वास येतो का बघ. ह्याचा खड्डा काढायची तयारी असंल तर वाढ. मी खाते. चार पोळ्या खाते."

कारभारी त्या पट्टीकडं बघत उभा राहिला. मग खाली बसला, तुपाचं भांडं बाजूला ठेवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलानं सरोजिनीबाईंचा हात पुसायला लागला. एकेक बोट. साळूबाई मात्र म्हणालीच, "शुभ दिवशी असलं बोलावं का बाईच्या जातीनं?" असली माणसं सुधारत नसतात, त्यांची वाट बघू नये.

मनकर्णाबाईचं बोट वाचलं. अंगठ्यावर पांढरा व्रण आहे, पाय जाग्यावर आहे. जखम भरल्यावर दोघी सकाळी चालायला लागल्या, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग टीव्ही सेंटरपर्यंत. गल्ली हसली. दोन महिन्यांत कंटाळली. बन्सीनं भजी बंद केली, पण अजून कुणी टोकलं की तो चुळबुळ करतो. वजन किती उतरलं ते इथं छापणार नाही, ती त्या दोघींची अट आहे. दिवाळीत थोडं परत चढलं एवढं सांगतो. त्या सकाळी मनकर्णाबाई दाराआड उभी राहून म्हणाली, "सिस्टर, वाढलं. मी नाय येत."

सरोजिनीबाई बाहेरूनच म्हणाल्या, "बरं. चप्पल घाल."

आणि तिनं घातली.

तुमच्याही गल्लीत एखादी बाई सकाळी मान खाली घालून, पदर ओढून, भिंतीच्या कडेनं चालत असेल. दुसऱ्यांदा, कदाचित पाचव्यांदा. तिला आकडा विचारू नका, सल्ला देऊ नका, शाबासकी तर अजिबात नको. उद्या सकाळी उठा, पायात चपला घाला आणि मुकाट्यानं तिच्याबरोबर चाला.