काउंटरखालच्या पिशव्या

बिबवेवाडीत माझं मॅचिंगचं दुकान होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. पण निम्म्या बायका यायच्या त्या पिशव्या ठेवायला. "जरा राहू दे गं, भाजी घेऊन येते," म्हणायचं आणि काउंटरखाली सरकवायचं. बाई उगवणार तासाभरानं, तोवर आमची राखण फुकट. मी कुरकुरायची, पण नाही कुणालाच म्हटलं नाही.

एका दुपारी फोन आला. कुणी पुरुष थंडपणे म्हणाला, तुमच्या दुकानात बॉम्ब ठेवलाय. मी फोन आपटणारच होते. पण त्या वर्षी शहरात असे फोन बरेच यायचे, आणि चौकीतल्या साहेबांनी आम्हा दुकानदारांना बोलावून बजावलं होतं: फोन आपटू नका, बोलतं ठेवा, आणि कशालाही हात लावू नका. म्हणून विचारत राहिले, कुठं ठेवलाय, कधी फुटणार, कशात आहे. "पिशवीत," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. काउंटरखाली पिशव्यांची रांग होती. कुठली कुणाची, देवाला ठाऊक.

मी ओरडले नाही. ओरडलं की बायका दारातच एकमेकींवर पडतात. दुकान बंद करतेय, सगळ्यांनी बाहेर चला, एवढंच सांगितलं. एकीला अस्तर मापून हवं होतं, तिनं तोंड वाकडं केलं. म्हटलं, अहो, उद्या फुकट मापून देईन, आधी निघा. गल्ला, शटर तसंच उघडं टाकलं, बायकांना पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपलीकडे नेलं, शेजारची दुकानंही रिकामी करवली आणि गिरणीतून पोलिसांना फोन केला.

तेवढ्यात माझी मैत्रीण भाजी घेऊन आली. आमच्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावरची. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. सकाळी सोनाराकडून मुलीच्या पाटल्या आणल्या, आणि गर्दीत कुणी हात मारेल म्हणून ती पिशवी तिनं माझ्याकडे ठेवली होती. आत काय आहे हे मला सांगितलंही नव्हतं. वर्षानुवर्षं लोकांचे ब्लाउज शिवून केलेलं सोनं ते. बॉम्बचं कळलं तशी ती दुकानाकडेच धावली. मी तिचा दंड धरला. माझी निळी पिशवी आहे, पोरीच्या पाटल्या आहेत तीत, पटकन उचलून आणते, म्हणत ती हिसके देऊ लागली. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, आणू दे. पण त्या निळ्या पिशवीला खेटून कुणाची पिशवी होती, हे मला माहीत नव्हतं.

"तुझ्या भरवशावर ठेवली होती ना मी?" ती रडत म्हणाली.

"ठेवली होतीस. पण तुला आत सोडणार नाही. हवं तर मार मला."

तिनं खरंच मारलं. सणसणीत, सगळ्या बाजारासमोर. गाल झणझणला, पण दंड सोडला नाही.

पोलीस आले, त्यांचं कुत्रं आलं. संध्याकाळपर्यंत एकेक पिशवी तपासून बाहेर काढली. मेथी, दळण, कुणाच्या दुरुस्तीच्या चपला, पाटल्या. बॉम्ब नव्हताच. मेल्या फोनवाल्याला काय मिळालं कुणास ठाऊक. मैत्रिणीनं पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी पिशव्या ठेवणं बंद केलं. बायका चिडल्या. फार शिष्ट झाली म्हणाल्या, काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. गेली तर गेली. मेलेलं गिऱ्हाईक तरी कुठं परत येतं?

मैत्रीण मात्र जिन्यात दिसली तरी तोंड फिरवायची. ते फार लागलं. पत्रिका आधीच आली होती म्हणून लग्नाला गेले आणि मागे कोपऱ्यात बसले. कन्यादानासाठी मैत्रिणीला बोलावलं. कार्यालय नातेवाइकांनी भरलं होतं, पण ती सरळ माझ्यापाशी आली आणि काखेतली पर्स माझ्या मांडीवर ठेवली.

"दुकानात ठेवत नाहीस ना आता? मग हातात धर," म्हणाली.

शेवटची पंगत उठली तरी मी ती पर्स दोन्ही हातांनी धरून बसले होते.