लॅचची चावी आणि खाडीकाठचा सत्कार

आमच्या नाहूरच्या सोसायटीत दरवर्षी काहीतरी उपक्रम निघतोच. मागच्या वर्षी योगा निघाला आणि दोघांच्या कमरा धरल्या. यंदा निसर्गभ्रमण. बोरिवलीपलीकडे खाडीच्या कडेला राखीव जंगल आहे, आधी झाडी, मग कांदळवनातून लाकडी पायवाट, जाऊन-येऊन जेमतेम तीन किलोमीटर, एकदम सोपं, असं सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं. खाली सोबत काय आणायचं त्याची यादी होती. ती वाचून मला वाटलं, आपण हिमालयातच निघालोय.

मी सवयीने अंगठ्याचं चित्र टाकलं आणि विसरून गेलो. बाबा विसरले नाहीत.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. कोकणातून आले ते थेट मिलमध्ये, साचेखात्यात, म्हणजे मागावर. तिथे बसायची सोयच नव्हती, माणूस पाळीभर दोन मागांच्या मध्ये फेऱ्या मारायचा. दोन महिन्यांपूर्वी ते भाजी आणताना घसरले, कपाळाला दोन टाके पडले. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या शर्टाच्या खिशातली लॅचची चावी काढून घेतली. तुमच्याच काळजीपोटी, असंही म्हणालो. कोणाचं काही काढून घ्यायचं असलं की माणसाला त्याची फार काळजी वाटायला लागते. मी आणि बायको दोघंही कामावर जाणार, मग चावीशिवाय खाली उतरलं तर परत घरात येणार कसं?  बाबा रोज सकाळी शर्ट-पँट घालायचे, केस विंचरायचे आणि दाराजवळ बसून राहायचे.

त्या मेसेजनंतर मात्र त्यांनी विचारलं. "ह्या सगळा मी चाललंय तर चावी परत देतलंस?"

मी वांद्र्याच्या ऑफिसात लोकांना अटी घालायचंच काम करतो. घातल्या. तिथल्या बॅटरीच्या गाडीत बसायचं नाही, कोणाचा हात धरायचा नाही, पूर्ण जाऊन पूर्ण यायचं. बाबांनी मान हलवली. ते निम्म्यात दमतील आणि विषय कायमचा मिटेल अशी माझी खात्री होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी मिनीबसने पोचलो. सगळ्यांचे बूट कोरे करकरीत, एका वहिनींच्या टोपीला किमतीचं लेबल तसंच लोंबत होतं. माझ्या पाठीवरच्या बॅगेत बाबांसाठी नी-कॅप, स्प्रे, ओआरएस आणि बीपीचं मशीन. बाबांच्या हातात एक रुमाल. वाट दाखवायला आलेल्या मुलीने विनंती केली की पक्षी बुजतात, शांत राहू या. सगळ्यांना ते इतकं पटलं की शांततेचं महत्त्व या विषयावर पंधरा मिनिटं मोठमोठ्याने चर्चा झाली. पुढे डबक्यातला खेकडा दाखवून तिने त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. बाबांनी त्याचं कालवण कसं करतात ते सांगितलं. त्यानंतर अर्धा ग्रुप तिला सोडून बाबांच्या मागे चालायला लागला.

झाडी संपते तिथे एक शेड आहे. तिथून पुढे लाकडी पायवाट. सेक्रेटरींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सॅकमधून शाल आणि श्रीफळ काढलं. तिकीट खिडकीवरची प्लॅस्टिकची खुर्ची बॅटरीच्या गाडीतून आधीच येऊन बसली होती. निसर्गात गेलो म्हणून काय सत्कार सोडायचा? बाबा आजचे ज्येष्ठ निसर्गप्रेमी होते.

बाबा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माका बसाक सांगू नको."

"पाचच मिनिटं, बाबा. बरं दिसत नाही," मी म्हणालो.

ते बसले. शाल पडली, मांडीवर नारळ आला, फोटो झाले. वडीलधाऱ्यांना मान देणं ही आपली संस्कृती कशी आहे यावर सेक्रेटरी बोलले. समोरच्या पाण्यातले सगळे बगळे उठून पलीकडे गेले. शेवटी त्यांनी जाहीर केलं की आजोबांना आता गाडीने गेटवर सोडू, सावलीत आराम करतील. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. चावी माझ्या पाकिटात होती आणि मला हायसं वाटलं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग खजिनदार आभार मानायला उठले. ते खाली बसेपर्यंत बाबांची खुर्ची रिकामी झाली होती. तिच्यावर फक्त नारळ.

म्हटलं, वाट लागली. मी पायवाटेवरून धावत सुटलो. दोन्हीकडे चिखल, भरतीचं पाणी चढत होतं. मनात नको नको ते येत होतं. एका फळीवरून पाय सरकला, गुडघ्यात कळ गेली, तसाच लंगडत पुढे गेलो. वाट संपते तिथे कठड्याला टेकून बाबा उभे होते. शाल घडी करून खांद्यावर. चिखलात निवटे, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, उड्या मारत होते, ते बोट दाखवून सांगायला लागले की गावच्या खाडीत लहानपणी ते हातानेच पकडायचे. कित्येक दिवसांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

पडला असतात तर, असं मी ओरडणार होतो. पण मला उभंच राहता येईना. बाबांनी माझ्या पायाकडे बघितलं, शाल फळीवर अंथरली आणि मला बसवलं. थोड्या वेळाने खांदा पुढे केला. कोणाचा हात धरायचा नाही ही अट त्यांच्यापुरती होती. मी तो खांदा धरला.

शेडपासून मला गाडीतून नेलं. नारळ माझ्या मांडीवर. सेक्रेटरींनी तेवढ्यात फोटोही काढला. बाबा चालत आले, माझ्यानंतर बऱ्याच वेळाने. गेटवर रुमालाने मान पुसली आणि हात पुढे केला. मी पाकीट काढलं.

सोमवारी गुडघ्यामुळे मी घरीच होतो. बाबा पिशवी घेऊन निघाले, दार ओढून घेतलं. मी पाच मिनिटं कशीबशी काढली. नुसतं लांबून बघू, असं म्हणत लिफ्टने खाली गेलो. वॉचमनने मला पाहिलं आणि केबिनमधली खुर्ची बाहेर आणून ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "बाबा सांगून गेलेत. मुलगा मागोमाग लंगडत येईल, त्याला खुर्ची द्या."

मी बसलो.