एकही खाडा नको

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. व्यायामशाळेच्या कार्यक्रमात बोलायला उभं केलं, की मी जिंकलेल्यांबद्दल बोलायचो आणि घाईनं खाली बसायचो. आता बसवत नाही. घरातल्या घरात येरझाऱ्या घालतो आणि एकच चेहरा पुढे येतो.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत बँकेत होतो. संध्याकाळी तिथल्या उधना भागातल्या व्यायामशाळेत वेटलिफ्टिंग शिकवायचो. नियम एकच, खाडा करायचा नाही. ज्याचा दिवस चुकेल त्यानं दुसऱ्या दिवशी दुप्पट बैठका मारायच्या. मी स्वतः तसाच तयार झालो होतो, म्हणून तेच खरं.

धुळ्याकडचा एक तरुण यायचा. दिवसभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर उभा. पाळी सुटली की अंगावरचा कापसाचा भुगा झटकत आत शिरायचा. त्याच्याइतकं वजन आमच्याकडे कोणी उचलत नव्हतं. रेल्वेत खेळाडूंची भरती निघणार होती. ती मिळाली असती तर लूम सुटला असता, बायकोला गावाहून आणता आलं असतं. त्याचं सगळं त्या चाचणीवर होतं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वर्षी शहर रिकामं झालं. तोही पंधरा दिवस गावी जाऊन राहिला, ना लूम ना वजन. परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यानं कधी न उचललेलं वजन डोक्यावर नेलं.

"गावचं तूप बोलतंय!" पोरं ओरडली.

मीही हसलो. तूपच असणार. विश्रांतीमुळे हे झालं असेल, असं माझ्या मनात आलंच नाही. नाही, खरं लिहायचं तर आलं होतं, क्षणभर. पण मग माझ्या नियमाचं काय? मी तो विचार झटकला आणि चाचणीपर्यंत त्याला रोज जड वजनावर घेतलं.

"सर, आज राहू द्या ना. मांड्या दगड झाल्यात."

"रेल्वेवाल्यांनाही हेच सांगणार का?"

तो रॉडखाली जायचा. तो उचलायचा ते वजन उतरत गेलं, तसतशा मी बैठका वाढवल्या.

चाचणीत, गावाहून आल्यावर उचललेलं तेच वजन छातीच्या वर गेलं नाही. तिन्ही प्रयत्न फुकट. बाहेर आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताकद होती, मन नव्हतं." तो लूमवर परत गेला. व्यायामशाळेत पुन्हा आला नाही.

पुढे माझा गुडघा दुखावला. मला रोज जमेना, म्हणून पोरंही एक दिवसाआड येऊ लागली. आणि वजनं चढू लागली! रोज येण्यात काही वाईट नव्हतं. दिवसभर उभ्या असलेल्या पायांवर रोज जड वजन लादलं, ते वाईट होतं. ताणलेला स्नायू सावरायला वेळ मागतो, बळ त्या वेळात येतं. तोच वेळ तो तरुण तोंडानं मागत होता.

काही वर्षांनी तो उधना स्टेशनाबाहेर भेटला, भेटायला आलेल्या बायकोला घेऊन गावी निघालेला. वाकून नमस्कार केला आणि तिला म्हणाला, "हे आमचे सर. लई मेहनत घेतली माझ्यावर. माझंच अंग कच्चं निघालं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शब्द जिभेवर होते.

"गाडी किती वाजताची?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं, सामान उचललं आणि दोघं आत गेले. तुझं अंग कच्चं नव्हतं रे, मी चुकलो, मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं.